मदत हवी आहे: स्लॅबवर सोनेरी स्टिकर आहे म्हणून नाण्याला सात हजार जास्त द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये गेली नऊ वर्षं जमवतोय. एका खरेदीवर अडकलोय आणि शनिवारपर्यंत विक्रेत्याला हो की नाही ते कळवायचंय.

व्हिक्टोरिया राणीचे 1862 चे दोन रुपये आहेत. दोन्ही एकाच अमेरिकन कंपनीच्या स्लॅबमध्ये (नाणं तपासून, ग्रेड देऊन ज्यात सीलबंद करतात ती प्लास्टिकची डबी) बंद, दोन्हींचा ग्रेड एमएस 63 (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, 60 ते 70 मध्ये आकडा जितका मोठा तितकं नाणं चांगलं). एकाला 17 हजार सांगतोय, दुसऱ्याला 24 हजार. दुसऱ्याच्या स्लॅबवर कोपऱ्यात नखाएवढं सोनेरी स्टिकर आहे, तेवढ्याचे हे सात हजार. स्टिकर स्लॅबवाल्या कंपनीचं नाही. विक्रेता म्हणतो, तिसऱ्याच तज्ज्ञांनी नाणं पुन्हा तपासलं आणि "63 मधलं सरस नाणं" म्हणून ते लावलं. कोण तज्ज्ञ विचारलं तर जे नाव सांगितलं ते मी याआधी कधी ऐकलेलं नाही.

स्टिकर हा प्रकार मला अगदीच नवा नाही. माझे मामा बरीच वर्षं न्यू जर्सीला होते. मागच्या दिवाळीत आले तेव्हा त्यांनी दोन मॉर्गन डॉलर (स्वातंत्र्यदेवीचा चेहरा असलेली जुनी अमेरिकन चांदीची नाणी) माझ्या हातात ठेवले. एक 1881 चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, एमएस 65, त्यावर सीएसीचं (स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासणारी अमेरिकन कंपनी) हिरवं स्टिकर. दुसरा 1885 चा न्यू ऑर्लिन्सचा, एमएस 64, स्टिकर नाही. रात्री ट्यूबलाइट बंद करून टेबल लॅम्पखाली दोन्ही धरले. 1881 च्या नाण्यावर कानावरच्या केसांची बट न् बट सुटी दिसते, आणि नाणं जरा कलतं केलं की उजेडाची पट्टी चाकाच्या आरीसारखी गोल फिरते. 1885 वर कानावरचे केस सपाट, ठसाच नीट उमटलेला नाही, आणि गालावर दोन चरे. हे डॉलर हजार-हजार नाण्यांच्या पोत्यांत पडून असायचे, एकमेकांवर आपटून असे चरे पडायचे. तेव्हा मनात आलं, स्टिकर लावणाऱ्याला नजर आहे. पण दोघांचा ग्रेडच वेगळा, त्यामुळे माझी तुलना अर्धवट आहे हेही कळतं.

सावध का झालोय ते सांगतो. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया घेतला होता, तोच, ज्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. स्लॅब नव्हता. "अजिबात वापरात न आलेला" असं सांगून विकला. घरी आणून भिंगाखाली पाहिला तर राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक रेघा. कुणीतरी भांडी घासायच्या पावडरीने चोळला होता. चमक होती, पण ती चोळल्याची. त्या दिवसापासून महागाचं नाणं स्लॅबशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलं. आता स्लॅबवर भरवसा ठेवायलाही वर आणखी स्टिकर लागणार असेल, तर माझ्यासारख्या पगारदार संग्राहकाने किती जणांच्या मताचे पैसे भरायचे?

म्हणून विचारतोय. अशा स्टिकरचा घेणाऱ्याला खरंच फायदा होतो का? पुढे विकायची वेळ आली तर हे सात हजार परत मिळतात का? आणि सीएसीसारखी सोय आपल्या रुपयांसाठी कुठे आहे का?

— नौपाडेकर

---

वाशीची खाडी:

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे बाकीचं सोपं होईल. सीएसी फक्त अमेरिकन नाणी तपासते, आणि तीही पीसीजीएस किंवा एनजीसी या दोन अमेरिकन कंपन्यांच्या स्लॅबमधली. तुमच्या रुपयावरचं स्टिकर काहीही असो, सीएसीचं नाही.

सीएसी 2007 मध्ये जॉन अल्बानीज यांनी सुरू केली. हे गृहस्थ पीसीजीएसच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे एनजीसीही त्यांनीच काढली. म्हणजे दोन्ही मोठ्या स्लॅब कंपन्या आतून बघितलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की एकाच ग्रेडमध्ये तीन दर्जाची नाणी असतात: वरची, मधली आणि कशीबशी त्या ग्रेडात बसलेली. पहिल्या दोघांना हिरवं स्टिकर, तिसऱ्याला नाही. पुढच्या ग्रेडात सहज बसेल अशा नाण्याला सोनेरी.

पण त्या स्टिकरला बाजारात वजन आलं ते केवळ नजरेमुळे नाही. त्या लोकांनी स्वतः स्टिकर लावलेल्या नाण्यांना बाजारात खरेदीचे भाव लावले. आपण ज्याला चांगलं म्हणालो ते विकत घ्यायची तयारी ठेवली. शिवाय स्लॅबचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की स्टिकर खरं की खोटं ते कळतं. तुमच्या विक्रेत्याला नेमकं हेच विचारा: हा रुपया पुढच्या वर्षी परत आणला तर स्टिकर लावणारे किंवा तुम्ही तो किती रुपयांना घ्याल? नंबर कुठे तपासायचा? उत्तर नसेल तर तो कागदाचा चकचकीत तुकडा आहे.

एक गोष्ट मात्र उलटीही बघा. स्टिकर नसलेलं नाणं वाईटच असतं असं नाही. मामांचा 1885 चा डॉलर नाकारला गेला असेल, किंवा कधी पाठवलाच नसेल. नुसता स्लॅब बघून ते कळत नाही.

---

घंटाळी रोड:

मी थोडं वेगळं मत मांडते. माझ्याकडचे तीन अमेरिकन डॉलर हिरव्या स्टिकरचे होते, मागच्या वर्षी भावाच्या मार्फत तिकडच्या लिलावात विकले. तिथे स्टिकरमुळे बोली नक्की चढली, कारण बोली लावणाऱ्यांना फोटोवरून ठरवायचं असतं आणि स्टिकर म्हणजे नाणं हातात घेऊन बघितलेल्या आणखी एका माणसाचं मत. तेव्हा स्टिकर निरुपयोगी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तुम्ही रुपया समोर बसून, हातात घेऊन बघणार आहात. मग दुसऱ्याच्या डोळ्यांचे पैसे कशाला?

आणि स्टिकरचं पान उलटून नाण्याचं पान वाचा. रुपयांमध्ये आपल्याकडे दोन दोष फार सापडतात. एक तुम्ही सांगितलात, चोळणं. दुसरा म्हणजे कडी. आपल्या आज्या-पणज्यांनी रुपयाला कडी डाखून माळेत ओवलं, पुढे सोनाराने कडी काढून घासून दिली. माझ्या सासूबाईंच्या डब्यातल्या सात रुपयांपैकी चारांच्या काठाला डाखल्याची खूण आहे, बोट फिरवलं की लागते. स्लॅबमध्ये बोट फिरवता येत नाही, म्हणून काठ भिंगाने सगळीकडून बघा. चांगल्या कंपन्या असं नाणं पकडतात आणि नुसता ग्रेड न देता दोष लिहितात, पण आपण बघितलेलं बरं.

---

तीन हात नाका:

कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 1862 चा रुपया त्यात येतोच, तुमचा 1911 चाही. म्हणजे उद्या तुम्हाला वाटलं की तिकडे पाठवून पुन्हा ग्रेड करून घेऊ, तर ती वाट बंद आहे. बाहेरच्या लिलावात विकायचीही. तेव्हा तो रुपया आपल्या इथल्याच माणसांना विकावा लागणार. इथे स्लॅबला मान आहे. अनोळखी स्टिकरचे जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक मला तरी भेटलेला नाही.

---

नौपाडेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळीच दुकानात गेलो. भिंग घरचं नेलं आणि त्यांच्या काउंटरवरचा पिवळा दिवा मागून घेतला.

स्टिकरवाला रुपया पांढराशुभ्र आहे, पहिल्या नजरेत तोच आवडतो. पण कलता केल्यावर राणीच्या नाकासमोर बारीक रेघांचा एक पुंजका दिसला. 1911 च्या रुपयाइतका वाईट नाही, 63 मध्ये चालून जाईल, पण "सरस" मी म्हणणार नाही. दुसरा, साधा, काठाकडे निळसर-तपकिरी झालेला, जुन्या डब्यात राहिल्यासारखा. त्या रंगाखालून उजेडाची पट्टी अखंड फिरते, कुठेही तुटत नाही. मुकुटावरचं नक्षीकाम टोचेल इतकं स्पष्ट. ताई, काठही सगळा बघितला, स्वच्छ आहे.

वाशीच्या काकांनी सांगितलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "स्टिकरची नाणी परत घेण्याचं आमच्याकडे काही नसतं." नंबर तपासायची सोयही नाही. मी साधा रुपया घेतला, 16,500 ला दिला त्यांनी.

आता एक नवीन शंका, कुणाला माहीत असेल तर सांगा. 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तसंच राहिलं आणि मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात, इतपत वाचलंय. माझ्या रुपयावर तारखेजवळ भिंगाखाली दोन ठिपके निश्चित दिसतात, तिसरा आहे की धातूचा कण ते ठरत नाही. लेबलवर नुसतं 1862 लिहिलंय. दिवसाउजेडी फोटो काढून उद्या टाकतो.