‘डालडा’, ‘वनस्पती तूप’ आणि पुड्यावरचं ‘मुक्त’

प्रश्न (सांगली): दिवाळीच्या सामानाच्या यादीत आई अजून ‘एक किलो डालडा’ लिहिते, मग दुकानदार कुठल्याही कंपनीचा देवो. परवा पुड्यावर ‘ट्रान्स फॅट मुक्त’ वाचलं. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, म्हणून विचारते. ‘मुक्त’ म्हणजे अजिबात नाही, असंच ना? आणि ट्रान्स फॅटला मराठी शब्द कोणता?

उत्तर (सातारा): ताई, इथं ‘मुक्त’ म्हणजे शून्य नव्हे. 100 ग्रॅममध्ये 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असलं की नियमाप्रमाणे तसं छापता येतं. ‘ट्रान्स फॅटवर बंदी’ असं कुणी लिहितं, तेही सैल लिहिणं झालं. आपल्याकडे आहे ती मर्यादा. 2011 मध्ये वनस्पतीसाठी (म्हणजे डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलासाठी) 10 टक्के होती, पुढे 5, 2021 मध्ये 3 आणि जानेवारी 2022 पासून 2. तीही पदार्थाच्या वजनावर नाही, त्यातल्या तेला-तुपावर मोजतात. डेन्मार्कनं 2003 मध्ये हीच 2 टक्क्यांची रेघ सर्वांत आधी ओढली होती.

मराठी शब्द घडवण्यापेक्षा ‘ट्रान्स फॅट’च राहू द्यावं. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे: तेलाच्या रेणूत कार्बनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला असणारे हायड्रोजनचे अणू इथं समोरासमोरच्या बाजूंना जातात. पुड्यावर खरा शोधायचा शब्द आहे ‘अंशतः’, म्हणजे ‘अंशतः हायड्रोजनीकृत’. तेल घट्ट करायला त्याला हायड्रोजन जोडतात, ते हायड्रोजनीकरण. तेल पूर्ण हायड्रोजनीकृत केलं तर ट्रान्स फॅट जवळपास उरत नाही, अर्धवट थांबवलं की ते राहतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, चांगलं घटवतं, ते हेच.

उत्तर (मिरज): माझा आक्षेप ‘वनस्पती तूप’ या जोडशब्दावर आहे. तूप दुधाचं. कन्नडमध्येही ‘तुप्प’ म्हणजे लोणी कढवून केलेलंच, आणि आमच्या सीमाभागात दोन्ही शब्द कानावर पडतात. 1937 मध्ये डालडा बाजारात आला तो तुपाची जागा घ्यायला, आणि तुपाचं नावही त्याला चिकटलं. माझी आजी ‘तुपातली’ म्हणून ज्या करंज्या वाढायची, त्या वनस्पतीत तळलेल्या असायच्या. तिनं कुणाला फसवलं नाही, तिला शब्दानं फसवलं. याची मला आजही चुटपुट लागते.

साजूक तुपातही थोडं ट्रान्स फॅट निसर्गतः असतं. 2 टक्क्यांचा नियम कारखान्यात तयार होणाऱ्यासाठी आहे.

प्रश्नकर्ती: दोघांचे आभार. पण आमची खारी सुटी येते, कागदात गुंडाळून. त्यावर ‘अंशतः’ कुठं वाचू?

उत्तर (सातारा): तिथं विचारावंच लागेल. ‘तुपातली आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येईल. ‘डबा कुठला वापरता, दाखवा’ म्हणा.