रुद्रपूर-पंतनगरला तीन महिने आहे, रविवारी काय बघू?

शॉपफ्लोअर:
कंपनीने आकुर्डीहून तीन महिन्यांसाठी उत्तराखंडात पंतनगरला धाडलंय. रुद्रपुरात खोली घेतलीय. खोली ते सिडकुल (इथली औद्योगिक वसाहत), सिडकुल ते खोली, एवढंच चाललंय. मार्चमध्ये आई येतेय. वय 67, शाकाहारी, गुडघे कुरकुरतात. इथले सहकारी म्हणतात, जिल्ह्यात काही नाही, सरळ नैनिताल गाठ. खरंच काही नाही का?

रिकामटेकडा:
रुद्रपूर म्हणजे पलीकडे डोंगर असलेलं चाकण. नैनितालला जा, विषय संपला.

तराईतला_जुना:
संपला कसा? मी 2008 ते 2011 तिथे काढलीत. टाटा आणि बजाज दोघांचेही कारखाने 2007 साली सुरू झालेले, त्यामुळे नाश्त्याला पोहे शोधत फिरणारी पुण्याची बरीच मंडळी तेव्हा गावात दिसायची. पहिले सहा महिने मीही नैनितालच्याच वाऱ्या केल्या. मग घरमालक सरदारजींनी एका रविवारी जीपमध्ये घातलं.

त्यांचे वडील फाळणीत लायलपूरहून आलेले. "शेर से तो बच जाते थे, मच्छर से कौन बचाता," असं ते सांगायचे. तराई, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा हा दलदलीचा, जंगलाचा पट्टा, हिवतापाचं माहेरघर. थारू आणि बुक्सा या आदिवासी जमाती सोडल्या तर कायमचं राहायला कोणी धजत नसे. स्वातंत्र्यानंतर डीडीटी फवारून, जंगल तोडून जमिनी वाटल्या. पश्चिम पंजाबातले निर्वासित आले, मग पूर्व पाकिस्तानातले बंगाली दिनेशपूर, शक्तिफार्मला वसले. वरून कुमाऊँनी उतरले, पूर्वांचलातून मजूर आले. त्यामुळे तासाभराच्या रस्त्यात भाषा तीनदा बदलते. 1995 ला नैनितालपासून जिल्हा वेगळा केला आणि उधमसिंहांचं नाव दिलं. तेच, जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा गव्हर्नर असलेल्या ओडवायरला 1940 मध्ये लंडनला गोळ्या घालणारे.

आईंना नानकमत्त्याच्या गुरुद्वाऱ्यात न्या. चढ-उतार फारसा नाही. आवारात जुना पिंपळ आहे, गुरू नानकांच्या पंजाची कथा त्याचीच. लंगरमध्ये रोटी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची. मी एक हात पुढे केला, तर वाढणारा पोरगा रोटी धरून नुसता उभा राहिला. सरदारजींनी कोपर मारलं तेव्हा कळलं. जेवून जवळच्या नानकसागर धरणावर बसा.

दिनेशपूरचा बाजार मात्र सकाळी आठच्या आत. घमेल्यांत रोहू उड्या मारत असतात आणि बाई पायाखाली पाट दाबून उभ्या पात्यावर मासा चिरते. डिट्टो आपली विळी! मी तिथे अर्धा तास उभा होतो, शेवटी तिने विचारलं, "नेबेन ना?" नेणार नाही का म्हणे. लाजेखातर किलोभर घेतला.

होळीला खटीमाकडे थारूंची ओळख काढा. होळी पेटण्याआधीची ती जिंदा होली, नंतरची मरी होली. बायका-पुरुष घरोघरच्या अंगणात फेर धरून नाचतात. बोलावल्याशिवाय घुसू नका आणि मोबाइल खिशात ठेवा.

पंतनगर विद्यापीठ तर तुमच्या गेटशेजारीच. 1960 चं, देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ. किसान मेळा लागला असेल तर बियाण्यांच्या पिशव्या डोक्यावर घेऊन चाललेली गर्दी बघा.

उसाचं_टिपरू:
कोल्हापूरकराची शंका. तिकडे ऊस भरपूर म्हणता, मग तोडणीच्या टोळ्या कुठून येतात? उचल किती देतात?

तराईतला_जुना:
टोळी-उचल भानगडच नाही. आपल्यासारखा कारखाना तोडणी-वाहतूक बघत नाही. शेतकऱ्याला पर्ची, म्हणजे ऊस घालायची चिठ्ठी येते, ती आली की त्याने स्वतः मजूर लावून तोडायचा आणि ट्रॉलीतून नेऊन घालायचा. पर्ची लांबली की ऊस वाळतो, मग गुऱ्हाळाला पडत्या भावात. त्याला तिकडे कोल्हू म्हणतात. गूळ ढेपेत नाही, मुठीएवढ्या भेलीत.

शेतात रांगेने उभी सरळसोट झाडं दिसतील ती पॉपलर. काड्यापेटीसाठी विम्को या काड्यापेटी कंपनीने लावायला दिली, आता प्लायवूडला जातात. थंडीत पान झडतं, त्यामुळे खालच्या गव्हाला ऊन मिळतं. पीक दुहेरी. मला तराईतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटली.

आणि धुकं असेल तर रात्री दुचाकी नको. जानेवारीत किच्छा रोडला माझ्यापुढे उसाची ट्रॉली होती, मागे दिवा नाही, हातभर ऊस बाहेर. हेल्मेटची काच फुटली. हनुवटीवर खूण आहे अजून.

शॉपफ्लोअर:
कमाल! पण आई मासळीबाजारात उभी राहायची नाही.

तराईतला_जुना:
त्यांना मिठाईच्या दुकानात संदेश ही बंगाली मिठाई देऊन बसवा. तुम्ही एकटे जाऊन या. आणि मासा घेतलात तर खोलीवर आणू नका.