अमेरिकन अ‍ॅपं सोडली का? काय जमलं, काय नाही, लिहा

शेवंती
दसऱ्याची साफसफाई काढली तर फडताळात आईची फोन नंबरांची डायरी सापडली. फोनच्या टेबलावर असायची ती, दोरीला पेन्सिल बांधलेली. ग च्या पानावर गॅस, गवळी, गुरुजी. गवळ्याचा नंबर तीनदा खोडून लिहिलेला. आणि एकदम २०१९ आठवलं. माझं मेलचं खातं लॉक झालं होतं, पासवर्ड विसरले आणि ओटीपी जायचा बंद पडलेल्या सिमवर. सगळ्यांचे नंबर, लेकीच्या बारशाचे फोटो, ११ वर्षांचं सगळं आत. महिनाभर फॉर्म भरले, उत्तर यायचं ते मशीनचं, एका माणसाशी बोलता आलं नाही. शेवटी या डायरीतनंच नातेवाइकांना फोन लावले. फोटो गेले ते गेलेच.
तेव्हापासून ठरवलंय, सगळं एकाच्याच घरी ठेवायचं नाही, आणि आपली माहिती बघून जाहिराती दाखवणं हाच ज्याचा धंदा त्याच्याकडे तर नाहीच. मेल प्रोटॉनवर नेला (स्वित्झर्लंडचा, फुकटात जेमतेम १ जीबी, मला पुरतो). फोटो दोन हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे, एक भावाकडे. तुम्ही काय बदललंत?

लिंबूटिंबू
बारशाचे फोटो वाचून पोटात तुटलं गं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॅपची नवी पॉलिसी आली तेव्हा मी अख्खं सासर सिग्नलवर नेलं होतं, सासूबाईंसकट. मार्चपर्यंत मी, नवरा आणि धाकटी नणंद एवढेच उरलो. पण आमचं तिघांचं अजून तिथंच चालतं, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बँकेचं, सगळं. कुकर झाला, नंतर लिहिते

हॅनोवरकर
लिंबूटिंबू, सिग्नल पण अमेरिकेचंच आहे बरं का. पण ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत आणि मेसेज त्यांनाही वाचता येत नाहीत, त्यामुळे मी पण वापरतो. देश मात्र बघावा लागतोच, कारण २०१८ च्या क्लाउड अ‍ॅक्टनुसार अमेरिकन कंपनीकडचा डेटा दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर असला तरी अमेरिकेचं सरकार वॉरंट काढून मागू शकतं. आमच्या इथं जर्मनीत, शेजारच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये सरकारी कचेऱ्यांतले ३० हजार कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकटच्या, खुल्या लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. माझा मेल टुटावर आहे, त्यांचं ऑफिस इथंच, हॅनोवरला.

घाटवाट
नकाशा बदलला, बाकी काही नाही. ऑरगॅनिक मॅप्स. घरून निघताना महाराष्ट्र डाउनलोड करून ठेवायचा, मग नेट नसलं तरी चालतं आणि आपण कुठं गेलो याची नोंद कोणाकडे राहत नाही. आत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ ला सुरू झालेला, लोकांनीच भरलेला. हरिश्चंद्रगडावर एका पाण्याच्या टाक्यात पाणी होतं पण नकाशात नव्हतं, मी तिथंच उभं राहून खूण टाकली, घरी येऊन अपलोड केली. पुढच्या वेळी दुसरा एक ग्रुप त्याच खुणेवर पाणी भरताना दिसला, काय सांगू कसं वाटलं. बाकी पाचनईला उतरल्यावर पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय एसटी पकडू नये

कागदपत्र
अ‍ॅपचं होईल तेव्हा होईल, आधी झेरॉक्सवाल्याचं बघा. परवा प्रिंट काढायला गेलो, त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॅप वेब उघडं, डाउनलोडच्या फोल्डरमधे अख्ख्या गल्लीचं आधार, पॅन, सातबारा. मी समोर उभं राहून माझी फाइल डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधून पण. आता पेनड्राइव्ह नेतो आणि चालत असेल तिथं मास्क्ड आधारच देतो, शेवटचे ४ आकडे दिसतात फक्त.

लिंबूटिंबू
अगं बाई!! माझं पण तिथंच पडलं असणार, संध्याकाळी जाते

उन्हाळी
मी देशी म्हणून अरट्टै घेतलं २०२५ ला, चेन्नईच्या झोहोचं. अ‍ॅप छान आहे, तमिळमधे अरट्टै म्हणजे गप्पा. पण तेव्हा कॉलला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या कंपनीलाही वाचता-ऐकता येत नाही असं कुलूप) होतं आणि लेखी मेसेजला नव्हतं, हे मला घेतल्यावर कळलं. देशी आहे म्हणून आपोआप खाजगी असं मी धरून चालले होते. आता काहीही घ्यायच्या आधी हे एक बघते.
कीबोर्डचं कोणी लिहिलं नाही? आपण टाइप केलेलं अक्षर न् अक्षर आधी त्याच्याकडे जातं. मी हेलीबोर्ड टाकला, त्याला इंटरनेटची परवानगीच नाही. मराठी शब्द पूर्वीसारखे आपोआप सुचत नाहीत, ळ शोधायला आठवडा गेला, पण सवय झाली

हॅनोवरकर
शेवंतीताई, प्रोटॉनचे रिकव्हरीचे १२ शब्द लिहून ठेवलेत का? किल्ली फक्त आपल्याकडे असते, त्यामुळे हे शब्द नसताना पासवर्ड विसरून नवा घेतला तर खातं मिळतं पण जुने मेल कुलूपबंद राहतात, ते त्यांनाही उघडता येत नाहीत. म्हणजे २०१९ पुन्हा.

शेवंती
बरं झालं सांगितलंत. हे माहीतच नव्हतं, हातातला फडका टाकून आधी सेटिंग उघडलं. लिहिले १२ शब्द, आईच्या डायरीत, तिच्याच पेन्सिलीनं. कुठल्या पानावर ते फक्त लेकीला सांगितलंय.

लिंबूटिंबू
दोरी पण परत बांध गं पेन्सिलीला

कागदपत्र
घाटवाट, पाचनईहून शेवटची एसटी किती वाजता असते? दिवाळीनंतर मुलाला न्यायचंय, त्याचा पहिलाच ट्रेक