मदत हवी आहे: घरात कोणी फिरत नसताना मोशन सेन्सर रात्री वाजतो

झोपमोड:
जाणकारांनी जरा लवकर सांगा. हॉलमधला मोशन सेन्सर पहाटे तीन-चारच्या सुमारास अलार्म वाजवतो. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी. आम्ही सगळे आत झोपलेलो असतो. पॅनेलची (अलार्मच्या मुख्य पेटीची) बॅटरी नवीन आहे, त्यामुळे बॅटरीबद्दल कृपया कोणी बोलू नये. सेन्सरही बदलून झाला, तरी तेच. शेजारी आता नुसतं बघतात, बोलत नाहीत.

भिंगरी:
मांजर आहे का?

झोपमोड:
नाही पाळलेली.

तारजुळवणी:
वायरचा की वायरलेस? किती उंचीवर? समोर काय आहे? एसी आहे का? आणि हॉलचाच सेन्सर वाजला हे पॅनेलच्या मेमरीत बघितलंत की अंदाज?

झोपमोड:
वायरचा. कोपऱ्यात, दोन मीटरच्या थोडा वर. समोर सोफा नि टीव्ही. खिडकी आहे पण पडदा ओढलेला असतो. एसी नाही. मेमरीत हॉलच दाखवतो. आता उपाय सांगा.

रामबाण:
सोपं आहे. सेन्सर किरण सोडतो, ते टीव्हीच्या काचेवर आपटून परत येतात. तोंड थोडं खाली करा. माझ्याकडे असंच झालं होतं.

तारजुळवणी:
रामबाणजी, हा सेन्सर काहीही सोडत नाही, म्हणून तर त्याला पॅसिव्ह म्हणतात. आपल्या अंगातून जी उष्णता बाहेर पडते (तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर) ती तो नुसता बघत बसतो. आत एक स्फटिक असतो, त्याचं तापमान बदललं की त्यावर विद्युतभार येतो. त्याचे दोन तुकडे एकमेकांच्या उलटे जोडलेले असतात. सगळी खोली हळूहळू तापली तर दोन्ही सारखेच तापतात आणि हिशेब शून्य. माणूस आडवा चालत गेला की आधी एका तुकड्यावर उष्णता पडते, मग दुसऱ्यावर. ही वरखाली झाली की अलार्म. पुढचं पांढरं प्लॅस्टिक म्हणजे भिंग आहे. त्यावरचे चौकोन खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. म्हणून आडवं चालणारा पटकन सापडतो, थेट सेन्सरकडे चालत येणारा उशिरा.

रामबाण:
असेल. पण तोंड खाली केल्यावर माझं थांबलं, हे खरं आहे.

तारजुळवणी:
थांबलं असेल. तुमच्या समोरून तापणारी एखादी वस्तू बाजूला गेली असेल. किरण परत आले नव्हते एवढंच म्हणतोय.

बाल्कनीकर:
विषय निघालाच आहे तर, आमच्या बाथरूमचा सेन्सरवाला दिवा मी आत बसलेलो असताना विझतो. हात हलवत बसावं लागतं. यावर काही?

भिंगरी:
😂 हलत राहा.

तारजुळवणी:
स्थिर माणूस त्याला भिंतीसारखाच. दिव्याची विझण्याची वेळ वाढवा. आणि वेगळा धागा काढा.

घारीची_नजर:
हे सेन्सर काढून टाका, कॅमेरा लावा. निदान काय वाजलं ते तरी दिसेल.

जुना_वायरमन:
कॅमेरा लावून झोप लागणार आहे का त्यांना? झोपमोडदादा, माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी कोळ्याच्या असतात. भिंगावर कोळी चालला की इतक्या जवळून तो सेन्सरला माणसाएवढा दिसतो. आधी उघडून झटका. शिवाय ड्युअल सेन्सर घ्या. त्यात हालचाल पकडणारं मायक्रोवेव्ह रडारही असतं आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय वाजत नाही.

झोपमोड:
कोळी नाही, बघितलं. तिसरा सेन्सर मी घेणार नाही.

तारजुळवणी:
घेऊ नका. आज रात्री एक करा. भिंगावर जाड पुठ्ठा बसवा, चहूबाजूंनी चिकटपट्टी. आता त्याला खोली दिसणार नाही. तरीही वाजला तर खोलीत काय फिरतंय हा प्रश्नच संपला.

रामबाण:
पुठ्ठ्यातून उष्णता जाते की.

तारजुळवणी:
अंगाची उष्णता साध्या काचेतूनही पार होत नाही, म्हणून खिडकीबाहेरचा माणूस याला दिसत नाही. पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात.

झोपमोड:
तीन रात्रींनंतर सांगतोय. पुठ्ठा लावलेला असताना काल ३:२० ला वाजला. बायको म्हणते भूत.

जुना_वायरमन:
मग वायरचा सैल जोड.

तारजुळवणी:
असू शकतो, तो तपासाच. पण जोड सैल असेल तर पहाटेचीच वेळ का धरेल? वायर सेन्सरपर्यंत येते कुठून?

झोपमोड:
भिंतीतल्या पाइपातून. गच्चीवरून खाली उतरतो तो.

तारजुळवणी:
अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!

झोपमोड:
वायर कुठून येते हे कोण सांगतं?

तारजुळवणी:
पहाटे गच्चीवरची हवा गार होते, जड होते आणि त्या पाइपातून खाली उतरते. सेन्सरच्या पाठीला वायरसाठी भोक आहे, त्यातून झुळूक थेट आतल्या स्फटिकापर्यंत जाते. एक तुकडा दुसऱ्याआधी गार झाला की सेन्सरच्या लेखी कोणीतरी चालत गेलं. भोक तेच राहिलं, म्हणून नवा सेन्सरही वाजला. पाइपाचं तोंड आणि पाठीचं भोक सिलिकॉनने बंद करा. सर्किटवर मात्र सिलिकॉन सांडू नका.

जुना_वायरमन:
हे बरोबर आहे. त्याच भोकातून मुंग्याही येतात.

घारीची_नजर:
कॅमेऱ्याला असलं काही होत नाही.

झोपमोड:
दहा दिवस झाले, एकदाही वाजला नाही. सिलिकॉन भरलं. झाकण उघडलंच होतं म्हणून पल्सचा जंपर (किती वेळा हालचाल दिसली की वाजायचं ते ठरवणारी छोटी पिन) पण १ वरून ३ वर टाकला. पुठ्ठा काढला. सगळ्यांचे आभार.

तारजुळवणी:
दोन्ही एकदम केलंत? आता कशाने थांबलं ते कसं कळणार? तीन पल्स मिळेपर्यंत चोर दोन पट्टे ओलांडून गेलेला असेल. जंपर परत १ वर आणा आणि आठवडाभर बघा. आणल्यावर वॉक टेस्ट (सेन्सर चालणाऱ्याला पकडतो का ते तपासायची सोय) लावून हॉलमध्ये आडवं चाला.

झोपमोड:
पुढच्या महिन्यात. आत्ता झोपू द्या.

भिंगरी:
पण मांजर खरंच नाही ना?

झोपमोड:
शेजाऱ्यांचं येतं कधीकधी खिडकीतून.