आजीआजोबा, फोन आणि गृहपाठ : तुमचे अनुभव लिहा

काल साताऱ्याच्या घरी माळा आवरताना बाबांची एक वही सापडली. लॉकडाऊनमध्ये लेक दुसरीत, आम्ही बंगळुरूला, बाबा इथे, रोज ५ वाजता व्हिडिओ कॉल. वहीत तारखेसकट लिहिलंय. ७ सप्टेंबर २०२०: हातच्याची वजाबाकी परत. आज रडला. उद्या आधी गोष्ट, मग गणित. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी माळ्यावरच बसून राहिले किती वेळ. तुमच्याकडे लांबून कोण शिकवायचं?

--

"उद्या आधी गोष्ट" वाचून डोळ्यात पाणी आलं गं

--

आमची आई लातूरला, निवृत्त शिक्षिका. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं ना, तेव्हा फोनवर माझी लेक म्हणे साठ सात आणि आई म्हणे सदुसष्ट, दोघी हटेनात. शेवटी ठरलं, आकडा लेकीने नव्या पद्धतीने वाचायचा, आजीने जुन्या. लेकीला दोन्ही पक्कं आलं, सदुसष्ट शहात्तर कधीच उलटसुलट नाही झालं. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

--

आम्ही न्यू जर्सीत, सासरे पुण्यात. इथले संध्याकाळचे ७ म्हणजे तिकडे पहाटे साडेचार, थंडीत घड्याळं बदलली की साडेपाच. ऐंशीचा माणूस अंघोळ करून बसलेला असायचा. इथे भागाकाराचं उत्तर डोक्यावर मांडतात, आपण उजवीकडे लिहायचो, तर नात म्हणाली आजोबा चुकलं. त्यांनी तिच्याकडूनच नवी मांडणी शिकून घेतली मग पुढचं शिकवलं, मला ते फार मोठं वाटतं

--

फोन कुठले आमच्या वेळी. माझे आजोबा रत्नागिरीहून माझंच इनलँड लाल शाईने तपासून परत पाठवायचे. आणी खोडून आणि, कि खोडून की. खाली लिहायचे, अक्षर सुधारलंय. आजही आणि लिहिताना हात क्षणभर थांबतो

--

औटकी कोणाला येते का अजून?

--

औट दुणे सात! औट म्हणजे साडेतीन. आजीला सगळी पाठ होती, मला एवढीच ओळ

--

ताई वही आधी स्कॅन कर, शाई उडते. माझ्या आजीची पत्रं गेली तशीच

--

केली आत्ताच. लेक शेजारी बसून वाचतोय, म्हणतो मी नव्हतो रडलो, नेट गेलं होतं म्हणून आबांना तसं दिसलं. आणि मघापासून तेच पान धरून बसलाय