गडद रंगाने मळ खपतो, पण पाण्याचा खार नाही
ताई, तुम्ही स्वयंपाकघरातल्या टाइलला नि ओट्याला कोणता रंग घ्यावा असं विचारलं, त्यावर वरती दोघातिघांनी म्हटलंय की पांढरा-क्रीम काऊन लावता, हळद-तेलाचे डाग दिसतात, सरळ गडद घ्या म्हणजे मळ खपतो. फोडणीच्या भिंतीपुरतं पटलं, पण तुमच्या घरी पाणी कोणतं येते ते कुणीच विचारलं नाही. आम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अकोला-अमरावती-बुलडाण्यात पसरलेला, बोरचं पाणी खारट. अशा पाण्यात सिंकमागे मोरपंखी किंवा काळी चकचकीत टाइल लावली की थेंब वाळला तिथे पांढरी गोल कड उमटते, नळाच्या बुडाशी तर पापुद्राच धरतो, आणि रोज पुसूनही संध्याकाळी तेच. तिथे राखाडी नाहीतर बदामी, थोडी ठिपक्याठिपक्याची मॅट टाइल बरी, आणि फटीत पांढरं सिमेंट भरू नका, राखाडी भरा, पांढरं लवकरच पिवळं पडते.

ओटा काळाच पाहिजे असेल तर ग्रॅनाइट घ्या. कडप्पा स्वस्त पडते खरा पण तो चुनखडीच्या जातीचा दगड, खार काढायला लिंबू नाहीतर व्हिनेगर घासलं की पॉलिश उडून तिथं फिक्कट चट्टा पडते, मग तो काही जात नाही. हौसेचा रंग, पोपटी म्हणा की शेंदरी म्हणा, सिंकपासून लांबच्या भिंतीला द्या ना, दिवाळीला कंटाळा आला तर एका डब्यात बदलते, टाइल फोडायला मात्र मिस्त्री लागते आणि तो कापसाच्या हंगामात सापडत नाही.