मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये न्यूरोटिसिझम (पटकन काळजी, ताण वाटण्याचा स्वभाव) ८४ टक्के, सोमवारी मीटिंग, लवकर सांगा

त्रस्त_नाशिककर: विषयात लिहिलंच आहे. कंपनीने प्रमोशनसाठी टेस्ट घेतली आणि आता साहेब म्हणतात, "मॅडम, तुम्ही जरा टेन्शनवाल्या दिसता, टीम झेपेल का?" इतकी वर्षं क्वालिटीत काढली, कस्टमर ऑडिट एकटीने अंगावर घेतलं, तेव्हा नाही दिसलं कुणाला. ८४ म्हणजे मी मानसिक रुग्ण आहे का? टेस्ट परत देता येते का? कृपा करून प्रवचन नको, उत्तर द्या.

झोपाळू_मांजर: कुठली टेस्ट?

त्रस्त_नाशिककर: ऑनलाइन होती.

झोपाळू_मांजर: अहो ताई, ऑनलाइन हे टेस्टचं नाव नाही. प्रश्न कसे होते? निकालात चार अक्षरं आली का?

त्रस्त_नाशिककर: अक्षरं नाहीत. "मला पटकन काळजी वाटू लागते" असली वाक्यं, खाली पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. शेवटी पाच पट्ट्या.

सिडकोचा_विचारवंत: पाच पट्ट्या म्हणजे बिग फाइव्ह, स्वभावाचे पाच गुण मोजणारी टेस्ट. सोडून द्या ते. एमबीटीआय करा, ती चार अक्षरांत स्वभावाचा प्रकार सांगते, डोळे उघडतात. मी त्यातला आयएनएफजे प्रकार आलो तेव्हा कळलं की ऑफिसात माझं का पटत नाही. थेट मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या सिद्धांतावर बेतलेली आहे.

कोरा_कागद: युंगचं पुस्तक १९२१ चं. टेस्ट बनवली कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी, दोघींचंही मानसशास्त्रात रीतसर शिक्षण नव्हतं. मधोमध रेघ मारायची, अलीकडचा अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. बहुतेक माणसं रेघेच्या आसपासच असतात, त्यामुळे महिन्याभराने परत दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं.

सिडकोचा_विचारवंत: माझं वर्णन तंतोतंत जुळलं त्याचं काय?

कोरा_कागद: बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना "तुमचं व्यक्तिमत्त्व" म्हणून एकेक कागद दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले, इतका तो सगळ्यांना जुळला. मजकूर सगळ्यांचा एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

पंचवटी_काका: ज्योतिषाला मध्ये आणू नका. सत्त्व, रज, तम आपल्याकडे गीतेच्या चौदाव्या अध्यायात सांगून झालंय. मॅडम, जन्मवेळ पाठवा.

देवळाली_कॅम्प: ताई, एसएसबीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीची, तयारी वेगळी असते. टॅट या चित्रांच्या चाचणीत १२ चित्रं, शेवटचं कोरं, त्यावर मनाने गोष्ट रचायची. मग ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं. खाजगी क्लासला पैसे घालू नका, नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात फुकट शिकवतात.

त्रस्त_नाशिककर: मी चाळिशीच्या पुढची आहे, भाऊ. अंबडला नोकरी करते.

झोपाळू_मांजर: नाशिकरोड ते अंबड रोज द्वारका चौकावरून जात असाल तर ८४ कमीच आहे.

पंचवटी_काका: द्वारकेचं नाव काढू नका. उड्डाणपूल झाला, खालची कोंडी तशीच.

मीटरपट्टी: मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई, रिपोर्टवर ८४ च्या पुढे नेमकं काय छापलंय? टक्के की पर्सेंटाइल?

त्रस्त_नाशिककर: टक्के असं साहेब म्हणाले. बघते. हो, "पर्सेंटाइल" आहे. आणि मागच्या पानावर त्याच गोष्टीला "टी ६०" दिलंय. म्हणजे यांचाच घोळ ना? तक्रार करू?

मीटरपट्टी: घोळ नाही, दोन्ही एकच आकडा आहे. टी-स्कोअरची सरासरी ५० धरतात, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकाची एक पायरी, १०. म्हणजे ६० हा सरासरीच्या एक पायरी वर, आणि एक पायरी वर म्हणजे साधारण ८४ पर्सेंटाइल. मुलांच्या सीईटीत बघता तसंच: ८४ पर्सेंटाइल म्हणजे ८४ मार्क नव्हेत. तुलनेच्या गटातल्या १०० पैकी ८४ जणांपेक्षा तुम्ही काळजी जास्त करता, असं तुमचीच उत्तरं सांगतात. बस्स. हे आजाराचं निदान नाही, धडधाकट माणसांमधला फरक आहे. आजारासाठी एमएमपीआयसारख्या चाचण्या वेगळ्या, आणि त्याही तज्ज्ञाने मुलाखतीसोबत वाचायच्या.

आता खरा प्रश्न: हा गट कुठला? न्यूरोटिसिझममध्ये बायकांची सरासरी पुरुषांपेक्षा थोडी वर येते. सगळ्यांना एकत्र मोजलं तर तुम्ही ८४, फक्त बायकांमध्ये मोजलं तर त्याहून खाली याल. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात "नॉर्म", म्हणजे तुलनेचा गट, लिहिलंय का पाहा.

कोरा_कागद: आणि परत टेस्ट देऊन मुद्दाम "मी शांत असते" भरू नका. "मी कधीच खोटं बोलले नाही" असली वाक्यं काही चाचण्यांत पेरलेली असतात, नको तितका गुणी माणूस तिथेच सापडतो.

सिडकोचा_विचारवंत: म्हणजे बिग फाइव्हलाही लोक फसवू शकतात. हेच म्हणत होतो मी.

कोरा_कागद: हे तुम्ही म्हणत नव्हता.

त्रस्त_नाशिककर: सापडलं. "जनरल पॉप्युलेशन" एवढंच आहे. बाई-पुरुष नाही, देशही नाही. हे एचआरला विचारते. बाकी कॉन्शियन्शसनेस (काम नीट, जबाबदारीने करण्याचा गुण) ९१ आहे, पण ते जाऊ दे, त्याबद्दल साहेब काही बोललेच नाहीत.

मीटरपट्टी: ताई, हे आधी सांगायचं ना! सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी सातत्याने संबंध दिसलेला गुण तोच आहे, बॅरिक आणि माउंट यांचा १९९१ चा अभ्यास काढून बघा. सोमवारी ते पान वर ठेवा. आणि एचआरला लेखी विचारा, तोंडी नको.

त्रस्त_नाशिककर: मेल टाकते आत्ताच. साहेबांना सीसीत ठेवू का?

झोपाळू_मांजर: साहेब तुमचे पाच पट्ट्यांत कुठे बसतात त्यावर आहे.

देवळाली_कॅम्प: मुलगा असेल तर केंद्राचं सांगा त्याला.